खाटेच्या उंचीवरचे पक्षी

गावात त्यांना सगळे 'भिंतवाले' म्हणत. मंडळाचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं. त्यात वारसा होता, वास्तू होती, जतन होतं, संवर्धनही होतं. पण ते नाव एका दमात फक्त सरांनाच घेता यायचं. बाकीच्यांना दिसायचं ते एवढंच, की दर रविवारी सकाळी ही मंडळी जुनेपाने कपडे घालून कुठल्यातरी पडीक इमारतीत शिरतात आणि दुपारी चुन्याने पांढरीफटक होऊन बाहेर येतात. म्हणून भिंतवाले. नावात थट्टा होती, पण तिला धार नव्हती.

मंडळी मूठभरच. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक, मंडळाचे अध्यक्ष. समोर एकच माणूस असला तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. दुसरे दातांचे डॉक्टर. दवाखान्यातली जुनी, बोथट झालेली हत्यारं ते भिंतींचे रंग खरवडायला आणायचे आणि "पेशंट ओरडत नाही, हे या कामातलं सुख," असं दर रविवारी एकदा तरी म्हणायचे. आणि तिसरी, मंडळाचा कणाच म्हणा ना, आर्किटेक्ट. मोठ्या शहरात काचेच्या इमारतींचे नकाशे काढून कंटाळलेली, आईच्या गुडघ्यांचं निमित्त करून गावी परतलेली आणि मग इथेच रुजलेली.

"घरातला नळ कधीचा गळतोय," तिची आई म्हणायची, "त्याला वायसर बसवायला हिला सवड नाही. आणि निघाली गावाच्या भिंती सावरायला."

"नळ शंभर वर्षांचा होऊ दे, मग बघते," असं म्हणत ती चपला पायात सरकवायची.

सध्या मंडळाच्या हातात होतं जुनं प्रसूतिगृह. नवं हॉस्पिटल झालं तशी ही इमारत बंद पडली आणि मग तिच्यात काय काय साठत गेलं: मोडक्या खुर्च्या, निवडणुकीचे फलक, रस्ता खात्याची डांबराची पिंपं. नगरपालिकेला ती पाडून तिथे गाड्या लावायची सोय करायची होती. भिंतवाल्यांनी खेटे घातले, अर्ज केले, सरांनी तर नगराध्यक्षांनाच "तुझा जन्म कुठे झाला रे?" असं भर सभेत विचारलं. शेवटी नगरपालिका नमली. इमारत मूळ स्वरूपात आणून द्या, आम्ही तिथे लहान मुलांचं लसीकरण केंद्र काढू, असं ठरलं.

'मूळ स्वरूपात' हे दोन शब्द आर्किटेक्टने स्वतः घालून घेतले होते. कारण तिचा जीव जडला होता तो मधल्या हॉलवर. लांबच लांब हॉल, दोन्ही अंगांना माणसाहून उंच खिडक्या. बांधणाऱ्याने तो असा बेतला होता, की सकाळचं ऊन एका बाजूने यावं आणि दुपारचं दुसऱ्या बाजूने, आणि बाळंतिणींच्या खाटा दिवसभर उजेडात राहाव्यात. पण पुढे कधीतरी खाटा कमी पडायला लागल्या, आणि कुणीतरी हॉलच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, विटांची एक आडभिंत घालून एकाचे दोन वॉर्ड केले. भिंतीने हॉलचा श्वासच कोंडला. दोन्हीकडे अर्धा उजेड, अर्धा अंधार. आर्किटेक्टने ती भिंत नसलेला हॉल इतक्यांदा कागदावर काढला होता, की प्रत्यक्षात तिथे भिंत आहे याचाच तिला कधीकधी राग यायचा. भिंत पाडायचा दिवस ठरला होता. गवंड्यांना सांगून झालं होतं.

त्याच्या आधीच्या रविवारी दातांच्या डॉक्टरांनी त्या आडभिंतीशी बैठक मारली.

"अहो, ती जाणारच आहे," आर्किटेक्ट म्हणाली. "खरवडायच्या त्या खिडक्यांकडच्या भिंती."

"म्हणूनच तर. हिच्यावर हात बसवून घेतो, मग तिकडे वळतो. चांगल्या दातावर कुणी शिकतं का?"

वरचा हिरवा ऑइलपेंट पोपड्यांनी सुटत होता. त्याखाली पिवळा डिस्टेंपर, त्याखाली चुना. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून खरवडत होते. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला.

"जरा इकडे या," ते म्हणाले. "कुणीतरी बघतंय माझ्याकडे."

चुन्याच्या खालून एक डोळा दिसत होता. काळा, गोल, त्यात पांढरा ठिपका. डॉक्टरांनी फुंकर मारली आणि हलक्या हाताने आजूबाजूचा चुना काढायला घेतला. डोळ्याला चोच फुटली, चोचीला मान आली. चहाची वेळ टळून गेली तेव्हा भिंतीवर एक अख्खा सारस उभा होता, आणि त्याच्या शेपटीमागे दुसऱ्या कुणाची तरी चोच सुरू होत होती.

गवंड्यांना थोडं थांबायला सांगितलं, आणि पुढचे काही दिवस मंडळींनी रविवारची वाट पाहिली नाही. जो तो सवड काढून येत होता. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पक्ष्यांची रांगच निघाली. पोपट, घुबड, बदकांचं लटांबर, डोकं खाली आणि पाय वर असलेला एक कोंबडा. सगळे भडक, सपाट रंगांचे, ठसठशीत काळ्या कडांचे. आणि सगळे खाली, गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात. त्याच्या वर काही नाही. उभं राहून बघायचं तर पाठ वाकवावी लागे.

"लहान मुलांसाठी काढले असतील," डॉक्टर म्हणाले.

"इथली मुलं दोन दिवसांची असायची," सर म्हणाले. "त्यांना कसले पक्षी?"

सारसाचा एक पाय मात्र डॉक्टरांच्या हातून गेला. हत्यार जरा घसरलं आणि टवका निघाला. डॉक्टरांनी त्या दिवशी पुन्हा हत्यार हातात घेतलं नाही.

पक्षी कुणी काढले, हे सरांनी ओळखलं. बरेच दिवस ते एका पोपटाच्या शेपटीकडे बघत होते. शेपटी शेवटाला बारीक होत होत अशी काही वळली होती, की ती त्यांनी आणखी कुठेतरी पाहिली होती. मग एका सकाळी केस कापायला म्हणून नेहमीच्या दुकानात शिरताना त्यांनी वर पाहिलं आणि तिथेच थांबले. दुकानाची पाटी जुनी, हाताने रंगवलेली. शेवटच्या अक्षराखाली तीच शेपटी होती.

"ही पाटी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझीच," न्हावी म्हणाला.

"अरे, रंगवली कुणी?"

"पेंटरने. दुसरं कोण? आख्ख्या बाजारपेठेच्या पाट्या त्याच्याच होत्या. आता कॉम्प्युटरवर छापतात सगळे. लेकीकडे असतो तो. चष्म्याचं दुकान आहे ना बस स्टँडमागे, तिथे."

चष्म्याच्या दुकानात आर्किटेक्ट एकटीच गेली. भिंत पडणार होती आणि पाडणारी ती होती. तेव्हा सांगायचं ते आपणच सांगावं, असं तिला वाटलं.

दुकान लहान पण लख्ख होतं. काउंटरमागे चाळिशी ओलांडलेली एक बाई एका फ्रेमचा बारीक स्क्रू आवळत होती. पेंटरची मुलगी. दुकानाच्या मागच्या खोलीचा पडदा अर्धा सरकवलेला होता आणि आत, खिडकीशी, एक म्हातारे गृहस्थ हात मांडीवर ठेवून बसले होते. हात थरथरत होते. एकावर दुसरा ठेवून ते त्यांना गप्प बसवायला बघत होते.

आर्किटेक्टने फोनवरचे फोटो काढून दाखवले, सगळं सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, एक फोटो मोठा करून पाहिला.

"हे बाबांचंच आहे," ती म्हणाली. "पण प्रसूतिगृहात? मला कधी बोलले नाहीत. तसे ते फारसं बोलतच नाहीत, आणि आई गेल्यापासून तर..." तिने पडद्याकडे पाहून आवाज खाली आणला. "मागच्या वर्षी गेली आई. तेव्हापासून असेच बसतात. जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात."

"त्यांना घेऊन येता का बघायला?"

"भिंत ठेवणार आहात?"

आर्किटेक्टला खोटं बोलता आलं नाही. "नाही. पाडायचं ठरलंय. हॉल मूळचा एकच आहे, भिंत नंतरची आहे. पाडण्याआधी आम्ही चांगले फोटो काढून ठेवू."

"मग नका दाखवू त्यांना," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आत्ताच एक गेलंय त्यांचं. परत दुसरं कशाला?"

आर्किटेक्टने मान हलवली आणि ती निघाली. दारापाशी पोचली तोच आतून आवाज आला.

"सारस आहे का अजून?"

दोघीही वळल्या. म्हातारबुवा पडद्यापाशी येऊन उभे होते.

"आहे, काका," आर्किटेक्ट म्हणाली. "सगळ्यात पहिला तोच निघाला."

"पहिला काढला पण तोच होता." ते हळूच येऊन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. "ही पोटात होती तेव्हा," त्यांनी मुलीकडे मान वळवली. "हिच्याआधी दोनदा दिवस गेले, पण टिकलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, झोपून राहायचं. कुशीवर. उठायचं नाही, बसायचं नाही. दिवस भरेपर्यंत वॉर्डातच ठेवा म्हणाले."

मुलीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "आधी दोनदा?" ती म्हणाली. "बाबा, हे मला कुणी..."

"तुझ्या आईला नव्हतं आवडत सांगायला."  "आणि पुरुषांना वॉर्डात मज्जाव. व्हरांड्यापर्यंतच. बाहेर उभं राहायचं, नर्सबाईकडे डबा द्यायचा आणि घरी यायचं. मी असा किती दिवस व्हरांड्यात उभा राहणार? मग मी मेट्रनबाईंकडे गेलो. म्हटलं, तुमच्या वॉर्डातले खाटांचे नंबर पुसट झालेत, शांतता राखाची पाटी उडालीय. मी रंगवून देतो, फुकट."

"मग?"

"मग काय. नंबर काढायचा, वाळला की म्हणायचं बिघडला, पुसायचा, परत काढायचा. एका शांतता राखाला मी अख्खा हिवाळा लावला." म्हाताऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मेट्रनबाई एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पेंटर, एवढ्या दोन शब्दांना इतका वेळ? मी म्हटलं, बाई, शांतता म्हटलं की घाई करून चालत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या खाटेकडे पाहिलं, आणि गेल्या. नंतर काही बोलल्या नाहीत. उलट पुसायला चिंध्या हव्यात का विचारायच्या."

"आणि पक्षी?" आर्किटेक्टने विचारलं.

"बोलायला तर बंदी होती ना आत. ती आपली भिंतीकडे तोंड करून पडलेली. कोरी भिंत बघून बघून माणूस वेडं होतं. म्हणून तिच्या डोळ्यांसमोर एक सारस काढला. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई म्हणाली, भाऊ, मला एक पोपट द्या. मग तिच्या पलीकडची. एकीने कोंबडा सांगितला. मी काढला तर म्हणे उलटा काढा, मला पाय उशीवर ठेवून उलटं झोपवलंय, मला सरळ दिसायला हवा. असं करत करत भिंत भरली."

दुकानात एक गिऱ्हाईक डोकावलं आणि दोघींचे चेहरे पाहून परत गेलं.

"काका, ती भिंत..." आर्किटेक्टने सुरुवात केली.

"ऐकलं मी. पाडताय. पाडा." ते सहज म्हणाले. "ती भिंत घातली तेव्हा मेट्रनबाई तरी कुठे खूश होत्या? उजेड मेला म्हणायच्या. तुमचं बरोबर आहे. मला मात्र बोलावू नका. बघितलं की मग वाईट वाटतं."

ज्याचं चित्र, त्यानेच परवानगी दिली होती. तरी आर्किटेक्ट घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. आईने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. आईने गुडघ्याला तेल चोळता चोळता ऐकलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या वेळी तुझे बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते." मग जरा वेळाने, "पण बसले होते मात्र."

मंडळाची बैठक झाली ती चांगलीच तापली. डॉक्टर म्हणाले, भिंतीला हात लावाल तर मी या मंडळात राहणार नाही. सर म्हणाले, मूळ स्वरूप असं आपणच लिहून दिलंय, नगरपालिकेने उद्या शब्दावर बोट ठेवलं तर सगळी इमारत हातची जाईल. मूळ म्हणजे तरी काय, डॉक्टरांनी विचारलं. बांधलं त्या दिवसापुरतंच मूळ? त्यानंतर त्या घरात माणसं जे करत आली ते काय भेसळ? चित्रांचा थर गिलाव्यासकट भिंतीवरून उचलता येईल का, यावरही बोलणं झालं. पण गिलावा इतका भुसभुशीत होता की उचलताना हातात पीठच आलं असतं. सगळे आर्किटेक्टकडे बघायला लागले.

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली.  

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच प्रसूतिगृहात गेली. दार उघडंच होतं. आत पेंटरची मुलगी उभी होती, दुकान बंद करून आलेली. पाठ वाकवून ती एकेक पक्षी बघत चालली होती.

"बाबांना सांगून नाही आले," ती जरा ओशाळून म्हणाली. "आईची खाट कुठे असेल हो?"

"सारसासमोर."

मुलगी सारसाकडे बघत राहिली. "एक सांगू? माझी आई दिवसा आडवी झालेली मी कधी पाहिली नाही. ताप असला तरी नाही. आणि मी जरा पडले की लगेच यायची, ऊठ, काय लोळत पडलीस, जरा पाय मोकळे कर. मला किती राग यायचा तिचा. वाटायचं, हिला माया कशी ती नाहीच." तिने नाक पुसलं. "महिनोन्‌महिने पडून होती ती माझ्यासाठी. तिला अंथरुणाचा वीटच आला असणार. पण बोलायचं की नाही एकदा तरी?"

आर्किटेक्टने आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात गवंड्यांच्या परांचीच्या फळ्या पडल्या होत्या. तिने दोन्ही बाजूंना विटा रचल्या, त्यावर दोन फळ्या टाकल्या, खाटेइतक्या उंचीवर, आणि वर आपली ओढणी पसरली.

"बघा झोपून," ती म्हणाली. "तुमच्या आईला दिसायचं तसं."

मुलगी संकोचली, मग कुशीवर झोपली. तिची नजर सारसावरून बदकांकडे गेली. मग म्हणाली, "तुम्ही पण या. जागा आहे."

दोघी एकीमागे एक कुशीवर पडून राहिल्या. खालून बघताना सगळंच बदललं. उभ्याने सपाट दिसणारा सारस इथून मान वळवून सरळ डोळ्यांत बघत होता. त्याच्या मागे बदकं येत होती, ती बदकं तिरकी काढलीत असं सगळ्यांना वाटलं होतं, तीही इथून सरळ चालत होती. पेंटरने एकही रेघ उभ्या माणसासाठी मारली नव्हती.

आर्किटेक्ट सवयीने डोळ्यांनी मापं घेत होती. इथून आपल्याला भिंत कुठवर दिसते? जेमतेम हातभर. त्याच्या वर आहे काय? कोरा चुना. तिने हात वर केला, पक्ष्यांच्या डोक्यावरून वीतभर जागा सोडून एक रेघ हवेत ओढली, आणि पटकन उठून बसली.

"काय झालं?" मुलगीही उठली.

"वरचं सगळं काढता येईल," ती म्हणाली. "अहो, एवढीच भिंत ठेवायची. कमरेएवढी. उजेड वरून जाईल." तिला स्वतःचंच हसू आलं. "इतके दिवस मी उभ्यानेच बघत होते."

भिंत उतरवायला गवंड्यांना नेहमीच्या चौपट वेळ लागला. घण वापरायचा नाही, वरून एकेक वीट सुटी करून काढायची, अशी ताकीद होती. खाली पक्ष्यांवर गोधड्या बांधल्या होत्या आणि डॉक्टर आपला दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून पहारा देत होते. शेवटचा थर निघाला तेव्हा दुपार कलत होती. पश्चिमेच्या खिडक्यांतलं ऊन कमरेएवढ्या भिंतीवरून सरळ पलीकडे गेलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन टेकलं. आर्किटेक्ट दारात उभी राहून बघत होती. तिच्या कागदावरचा हॉल हा नव्हता. पण हाही चालणार होता. खरं तर, जरा जास्तच चालणार होता, आणि ते कबूल करायला तिला दोन-तीन दिवस लागले.

नगरपालिकेचे इंजिनिअर तपासायला आले. हॉलमध्ये उभे राहून त्यांनी नकाशा आणि भिंत, भिंत आणि नकाशा असं आळीपाळीने पाहिलं.

"नकाशात भिंत नाही," ते म्हणाले.

"नाहीच आहे," सर म्हणाले.

"मग हे काय आहे?"

"हा कट्टा आहे," सर एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाले. "लस द्यायला पोरं आणणाऱ्या आयांना टेकायला लागेल की नाही?"

इंजिनिअरांनी सरांकडे पाहिलं. ते त्यांचे विद्यार्थी होते. सरांनी त्यांना दोनदा बाकावर उभं केलं होतं. ते खाली वाकले, मग चक्क उकिडवे बसले, आणि उलट्या कोंबड्याकडे मान वाकडी करून बघत राहिले.

"कट्टा लिहितो," शेवटी ते म्हणाले.

त्या रविवारी मुलगी वडिलांना घेऊन आली. कसं समजावलं कोण जाणे. म्हातारबुवा स्वच्छ कपडे घालून, दाढी करून आले होते. दारातच त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मंडळी बाजूला झाली. ते कट्ट्याच्या कडेने चालत गेले, एका हाताने विटा चाचपत. सारसापाशी थांबले. आर्किटेक्टने स्टूल पुढे केलं, ते बसले, आणि बराच वेळ बसूनच राहिले. त्यांच्या हातांची थरथर चालू होती, पण ते आता त्यांना दाबून धरत नव्हते.

"रंग टिकलाय," ते म्हणाले. "रंगात घालायचा सरस चांगला मिळायचा तेव्हा."

मग त्यांची नजर टवका गेलेल्या पायावर आली. डॉक्टर पुढे झाले. "तो माझ्या हातून गेला," ते म्हणाले. "हत्यार घसरलं. फार वाईट वाटतंय मला."

म्हाताऱ्याने पायाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "तुमच्या हातून? छे. तो आधीपासूनच तसा आहे. माझाच ब्रश हलला होता. आमची ही त्याला लंगडा म्हणायची."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला. पाय दुरुस्त करायचा का, असं आर्किटेक्टने विचारलं. खरं म्हणजे जुन्यावर नवा रंग चढवायचा नाही, हा तिचाच नियम होता; पण या माणसाला तो लागू करायला तिचं मन होईना. पेंटरने मान हलवली. "राहू दे. मी आता काढला तर तो नाचायला लागेल." आणि त्यांनी थरथरते हात पुढे करून सगळ्यांना दाखवले. मंडळी हसली, आणि तेही हसले.

परत जाताना बापलेक पायीच निघाले. बाजार बंद होता, रस्ता मोकळा होता. मुलीने वडिलांचा हात आपल्या हातात अडकवून घेतला होता.

"बाबा, सारस खरंच लंगडा होता?"

"छे गं. चांगला दोन पायांवर उभा होता. पण त्या डॉक्टरचं तोंड पाहिलंस का केवढंसं झालं होतं?"

ती हसली. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"कुठे म्हणजे? शिडीवर." ते म्हणाले. "दाराच्या वर काहीतरी रंगवत होतो. आतून रडण्याचा आवाज आला. मेट्रनबाई धावत बाहेर आल्या, म्हणाल्या, पेंटर, उतरा खाली, मुलगी झाली. मला उतरताच येईना.  शेवटी त्या एवढ्या भारदस्त बाई, त्यांनी दुपट्यात गुंडाळून तुला आणलं आणि खालून वर धरलं. मी शिडीवरूनच पाहिलं तुला पहिल्यांदा. तू डोळे मिटून घेतले होतेस घट्ट. तुझी आई आतून विचारत होती, आले का, बघितलं का त्यांनी, नाक कुणाचं आहे म्हणतात..."

घराची गल्ली मागे गेली. मुलीच्या ते लक्षात आलं होतं. तिने वडिलांना थांबवलं नाही. ते सांगत होते, आणि ती त्यांच्या चालीने, हळूहळू, पुढच्या रस्त्याला लागली.